ग्रॅमोपाध्ये

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक तरी असा असतो, ज्याला गडापेक्षा गडावर न्यायच्या सॅकमध्ये जास्त रस. आमच्यातल्या अशा गृहस्थांना आम्ही ग्रॅमोपाध्ये म्हणतो. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता आधार कार्डापुरतंच उरलंय.

ग्रॅमोपाध्ये ओळखणं सोपं. त्यांच्या टूथब्रशला दांडी नसते, टी-शर्टच्या मानेवरचं लेबल कापलेलं असतं आणि नकाशाची लागेल तेवढीच पट्टी खिशात असते. पहाटेच्या कसारा लोकलमध्ये ते शेजारच्याची सॅक दोन बोटांनी जरा उचलून बघतात, 'साडेअकरा' एवढंच पुटपुटतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. आता शेजारच्याने 'काय साडेअकरा?' असं विचारलं की तो मेला. कसारा येईपर्यंत सुटका नाही.

त्यांच्या धर्माचं नाव 'बेस वेट'. म्हणजे खाणं, पाणी आणि इंधन वगळून उरलेलं सॅकचं वजन. या धर्मातला वगळण्याचा भाग त्यांनी नीट आत्मसात केलेला आहे. खाणं संपणारं, सबब ते हिशोबात नाही. त्यामुळे त्यांच्या सॅकमधून डिंकाचे लाडू, भाजणीच्या चकल्या आणि लसणाची चटणी असा भरघोस ऐवज निघतो आणि तरीही आकडा साडेचार किलोच्या वर जात नाही. एकदा कुणीतरी त्यांच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणालं, ''आधी इथले पाच किलो काढ की!'' ग्रॅमोपाध्ये बिलकुल रागावले नाहीत. ''अंगावरचं वजन बेस वेटमध्ये धरत नाहीत,'' ते म्हणाले. ''हा जागतिक नियम आहे.''

तर एकट्यापुरता हलका तंबू घ्यायचा, असं या माणसाच्या मनात आलं तेव्हा त्याचा मुलगा बालवाडीत होता. तो आता बारावीला आहे. मधल्या काळात आम्ही बाकीच्यांनी डेकॅथलॉनमध्ये जाऊन दोघांचे घुमटी तंबू उचलले, ते पावसात भिजवले, उन्हात विटवले, एकाचा पोल माकडाने पळवला. ग्रॅमोपाध्ये मात्र हरिश्चंद्रगडाच्या गुहेत आणि राजगडाच्या पद्मावती मंदिरात ढाराढूर झोपत आले. तंबूवाचून त्यांचं काहीही अडलं नव्हतं. पण दोघांचा तंबू घ्या म्हटलं की अंगावर येत, ''दुसरा माणूस कुठाय? नाही ना? मग त्याची जागा मी का वाहायची?''

उपवर मुलाने पत्रिका, उंची, पगार आणि माहेरची माणसं अशी एकेक खुसपटं काढत स्थळं परतवावीत, तसं त्यांचं चाललं होतं. आतला-बाहेरचा असे दोन पदर असलेला तंबू पसंत पडला, तर तो जड. एकाच पदराचा हलका, पण माणूस रात्रभर श्वासावाटे जी वाफ सोडतो ती थंड कापडावर धरते आणि पहाटे त्याच्याच नाकावर ठिबकते. नायलॉन चिवट, पण भिजलं की सैल पडतं, मग भर पावसात उठून दोऱ्या ताणा. पॉलिएस्टर तेवढं सैलावत नाही, पण तेवढ्याच जाडीचं नायलॉन जास्त बळकट. आणि डायनीमा! शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी निघालेलं हे कापड पाणी पीत नाही, ताणत नाही, वजनाला जवळजवळ नाहीच. हे नाव घेताना ग्रॅमोपाध्यांचा आवाज खाली येतो. किंमतही ते तशाच आवाजात सांगतात, कारण तेवढ्यात बरी सेकंडहँड स्कूटर येते आणि वहिनींचे कान तिखट आहेत.

९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्या धाग्याचा डेनियर, हे त्यांनीच मला सांगितलं. कापडाची जातच मुळी ग्रॅमवरून ठरते, याचा त्यांना झालेला आनंद मी विसरू शकत नाही. पंधरा डेनियरचं कापड ते चिमटीत धरून उजेडात बघतात आणि 'हं' म्हणतात. या 'हं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

कंपनीने छापलेल्या वजनावर अर्थातच त्यांचा विश्वास नाही. त्या आकड्यात बहुतेक वेळा पेग नसतात, पिशवी नसते, कधीकधी दोऱ्याही नसतात. म्हणून भेटेल त्याला ते फोन करून विचारत, ''पेग धरून किती?'' एकदा सासरे घरी आले असताना हे फोनवर जोरजोरात सांगत होते, ''सहा पेग कमीत कमी. वारा असेल तर आठ. मी तर दहा नेईन, दोन वाटेत हरवतात.'' सासऱ्यांनी ते रात्रभर मनात ठेवलं आणि सकाळी मुलीला बाजूला घेतलं.

वहिनींनी केकसाठी आणलेला काचेचा वजनकाटा केव्हाच यांच्या ताब्यात गेला. त्या घरात तेव्हापासून केक अंदाजाने होतो.

अमेरिकेतली एमा गेटवूड ही त्यांची कुलदेवता. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ही आजी अ‍ॅपलेशियन ट्रेल एकटी चालली. तीन हजार किलोमीटरच्या वर! पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली थैली आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. ही कथा आम्ही इतकेदा ऐकलीय की एकदा कंटाळून कुणीतरी म्हणालं, ''मग तूही पडदाच ने की!'' सगळे हसले. ग्रॅमोपाध्ये हसले नाहीत. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तर बाथरूमचा पडदा घडी घालून काट्यावर ठेवलेला आणि वहिनी दारात कंबरेवर हात देऊन उभ्या.

''चारशेच्या वर भरतोय,'' ते म्हणाले.

''कड्या काढून?'' मी विचारलं.

''कड्या काढूनच,'' ते खिन्नपणे म्हणाले.

त्याहून कठीण प्रसंग रांगोळीचा. तंबूची लांबी-रुंदी कागदावर कळत नाही, अंग टाकून बघावं लागतं, असा त्यांचा सिद्धांत. डोकं किंवा पाय कापडाला टेकले, की धरलेलं पाणी थेट स्लीपिंग बॅगमध्ये उतरतं. तेव्हा त्यांनी हॉलमध्ये फरशीवर रांगोळीने एका तंबूचा तळ काढला. डोक्याकडे रुंद, पायाकडे निमुळता, बाजूला बूट ठेवायची ओसरी. मग आत उताणे झोपले, हात पोटावर घेतले आणि डोळे मिटले. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या आई देवळातून आल्या. पुढचं मला वहिनींकडून कळलं, त्याही धड सांगू शकल्या नाहीत. शेजारचे डॉक्टर चप्पल न घालता धावत आले होते, एवढं मात्र नक्की.

यातली गंमत अशी, की त्यांच्या सल्ल्याने तंबू घेतलेले सगळे सुखात आहेत. कुणाला काय मानवेल हे त्यांना अचूक कळतं. सह्याद्रीत कातळ फार, पेग शिरत नाही, तेव्हा स्वतःच्या पोलवर उभा राहणारा तंबू घे, हे त्यांनीच माझ्या पुतणीला बजावलं. चालायच्या दोन काठ्यांवर ताणायचे तंबू हलके खरे, पण त्यांचा सगळा जीव पेगांत, हेही वर सांगितलं. पुतणीने ऐकलं.

आणि यांनी स्वतः कुठला घ्यावा? न्यू जर्सीच्या भाच्याकरवी आला तो काठ्यांवर ताणायचा, एका पदराचा, ७९० ग्रॅमचा. ''आकड्यापुढे इलाज नाही रे,'' एवढंच म्हणाले.

डिसेंबरात पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो. कोकणकड्यापाशी त्यांनी पिशवीतून ती कापडाची घडी काढली, तेव्हा आम्ही सगळे जरा गप्पच झालो. पहिला पेग दोन बोटं आत गेला आणि वाकला. दुसरा तेवढाही गेला नाही. खाली कातळ, वरून कड्यावरून उसळून येणारा वारा, आणि चार जण चार कोपरे धरून उभे. शेवटी दोऱ्या दगडांना बांधायचं ठरलं. लहान दगड वारा ओढून नेत होता, म्हणून मोठे आणले. ७९० ग्रॅमचा तंबू जागेवर राहावा म्हणून आम्ही त्या संध्याकाळी क्विंटलभर तरी दगड वाहिले असतील. पिठलं-भाकरी देणारे मामा कडेला बसून बघत होते. त्यांचे भाड्याचे घुमटी तंबू शेजारीच डुलत होते. ''सायेब, त्येच्यापेक्षा भिंतच घाला की,'' ते म्हणाले.

''दगड इथलेच आहेत,'' आतून आवाज आला. ''बेस वेटमध्ये नाहीत.''

मध्यरात्री वारा पडला आणि दव सुरू झालं. सकाळी चहाला गेलो तर ग्रॅमोपाध्ये आधीच उठून बाहेर बसलेले. केस ओले, स्लीपिंग बॅग खडकावर वाळत घातलेली, आणि चेहऱ्यावर मात्र विलक्षण समाधान. ओला तंबू घडी करून त्यांनी समोर ठेवला होता, आणि खाली वहिनींचा काचेचा काटा.

''९६०!'' ते मला म्हणाले. ''कोरडा ७९०. म्हणजे एका रात्रीत १७० ग्रॅम पाणी. हा आकडा जगात कुठे छापलेला नाही!''

ज्याने टूथब्रशची दांडी कापली, त्या माणसाने तो काटा पाचनईपासून पाठीवर वाहून आणला होता.

''अरे, पण या काट्याचं वजन किती?'' मी विचारलं.

त्यांनी अतिशय दयेने माझ्याकडे पाहिलं. ''काट्यावर काटा कसा ठेवणार?''