बाईंच्या संगणकाला कुलूप लावणाऱ्यास

कार्यालयातल्या विनोदवीरास,

हिशेब विभागातल्या बाई चहा घेऊन जागेवर परतल्या, तेव्हा त्यांच्या संगणकाचा पडदा लालभडक झाला होता. गृह मंत्रालयाचं नाव, ‘तुमचा संगणक लॉक करण्यात आला आहे’ हा दम आणि खाली दंडाची रक्कम. बाईंनी घाबरून थेट प्लग उपटला. सेव्ह न केलेल्या नोंदी गेल्या. त्या थरथरत होत्या आणि तू मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढत होतास. निवृत्तीला टेकलेल्या बाईची रिकामी खुर्ची गाठायची, एवढीच तुझ्या हुशारीची झेप.

ही युक्ती तुझी नाही, चोरांची आहे. २०१२ च्या सुमारास ‘रेव्हेटन’ नावाचा व्हायरस युरोपात पोलिसांच्या नावाने असाच पडदा दाखवून दंड उकळत होता. आता व्हायरसही लागत नाही, ब्राउझरमध्ये पूर्ण पडदाभर उघडलेलं एक पान पुरतं. उद्या अशा पानावर फोन नंबर असेल, बाई तो फिरवतील, पलीकडचा माणूस दुरून संगणकाचा ताबा देणारं ‘एनीडेस्क’ टाकायला लावेल आणि त्यांचं खातं धुऊन नेईल.

म्हणून बाईंना शेजारी बसून जे शिकवलं, ते तूही वाच. आधी एस्केपची कळ दाबून धरायची. पडदा हटला नाही, तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम. या तीन कळा कुठल्याही वेब पानाला अडवता येत नाहीत. त्या दाबल्यावर विंडोजचा स्वतःचा पडदा येतो. तिथून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. त्याबरोबर कुलूपही गेलं, की ते नुसतं चित्र होतं हे कळतं. नंतर ‘जुनी पानं परत उघडू का?’ असं विचारलं, तर नाही म्हणायचं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कोणाला संगणकाचा ताबा दिला गेलाच, तर इंटरनेट तोडायचं, बँकेला कळवायचं, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलायचे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

जागेवरून उठताना विंडोज आणि एल या कळा दाबून संगणक लॉक करायचा, हेही त्यांना सांगितलं. ते तुझ्यासाठी.

आता तो व्हिडिओ पुसून टाक, बाईंची माफी माग, आणि गेलेल्या नोंदी त्यांच्या शेजारी बसून तू भर.

तुझा एक सहकारी