लिहीत आहे…

नवं चॅट अ‍ॅप तपासायला बसलेली माणसं जगातली सर्वांत अबोल माणसं असावीत. बोलण्याची सगळी सोय समोर मांडलेली, पलीकडे ऐकणारा सज्ज, आणि बोलायला मात्र काही नाही. आमचं डेस्कटॉपवरचं अ‍ॅप बीटा चाचणीत गेलं तेव्हा त्यातल्या सुरुवातीच्या निरोपांत ‘टेस्ट’, ‘परत टेस्ट’, ‘कखगघ’ आणि ‘पोचलं का?’ यापलीकडे वाङ्मय नव्हतं. खिडकीबाहेर पुण्याचा पाऊस मन लावून पडत असे. त्याच्याविषयीही कुणी अवाक्षर काढत नसे. हातभर अंतरावरची सहकारी लिहायची, ‘पोचलं का?’ मी मान वळवून ‘हो’ म्हटलं की रागवायची. ‘तोंडानं नको सांगूस रे, लिही!’

‘पोचलं का?’ ही काळजी तशी जुनीच. आमचे आजोबा कोकणातल्या पोस्टातून मुंबईच्या मामाला ट्रंक कॉल लावत. तीन मिनिटांचा हिशेब. त्यातला बराचसा वेळ ‘ऐकू येतंय का?’ आणि ‘हो, तुम्हाला?’ यातच जाई, आणि बातमी सांगायची वेळ आली की फोन कटे. तरी घरी येऊन ते आजीला समाधानानं सांगत, ‘बोलणं झालं हो, सगळं ठीक आहे.’ आजीलाही तेवढं पुरत असे.

संगणकावरच्या गप्पांचं म्हणाल, तर १९७३ साली इलिनॉय विद्यापीठातल्या प्लेटो या संगणकव्यवस्थेवर डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी टॉकोमॅटिक नावाची गप्पांची सोय केली. तिथे एकेक अक्षर उमटताक्षणीच पलीकडे दिसे. चूक, खाडाखोड, मनातली चलबिचल, सगळं उघड्यावर. पुढे आपण सावध झालो. १९९६ साली निघालेल्या आयसीक्यूत माणूस हजर असला की नावाशेजारी हिरवं फूल दिसे (२०२४च्या जूनमध्ये तेही कायमचं मिटलं). आता पूर्ण झालेलं वाक्य तेवढं पाठवायचं, आणि आतल्या घालमेलीची खूण म्हणून पलीकडे दोनच शब्द: ‘लिहीत आहे…’

आमच्या अ‍ॅपमध्ये ही ओळ वेळेवर उमटते का आणि वेळेवर जाते का, हे बघणं माझ्याकडे होतं. सहकारी टाइप करायची, थांबायची, पुसायची. ओळ श्रावणातल्या उन्हासारखी यायची आणि जायची. ती काहीही पाठवणार नाही हे मला पक्कं ठाऊक असे. तसं आमचं ठरलेलंच होतं. पण दर वेळी वाटायचं, आता काहीतरी येणार. कुणीतरी आपल्यासाठी शब्द शोधतंय, या नुसत्या बातमीचंच माणसाला केवढं अप्रूप!

एकदा ती ओळ जाईचना. सहकारीनं लॅपटॉप मिटला, ती घरी गेली, जेवून झोपलीही असेल. माझ्या पडद्यावर ती लिहीतच होती. ‘थांबले’ हा निरोप निघण्याआधीच तिचं नेट तुटलं होतं, आणि कुणी न सांगता निघून गेलं तर काय समजायचं, हे आम्ही सर्व्हरला शिकवलंच नव्हतं. बिचारा वाट बघत राहिला. मी दोष नोंदवला, गांभीर्य ‘किरकोळ’ असं लिहिलं, आणि चॅटची ती खिडकी मात्र बंद केली नाही.

सकाळी प्रोग्रॅमरनं दुरुस्ती केली: काही सेकंद हालचाल नसली की ओळ आपोआप गुल. सहकारीनं चहा घेता घेता विचारलं, ‘रात्रभर काय लिहीत होते रे मी?’

‘कळलं नाही. पण मोठं असणार काहीतरी.’

‘मग पगारवाढीचा अर्ज असेल,’ ती म्हणाली.