लेकर

"पप्पा, इथं रस्सा परत परत वाढत नाहीत. मागू नका," लेकीनं हॉटेलच्या दारातच बजावलं. तांबडा-पांढरा आडवा येईल तेवढा ओरपायचा आणि वाढप्यानं बादली घेऊन पाठ धरायची, अशा गावातला मी माणूस. खिशातली कांदा-लसूण चटणीची पुडी चाचपली आणि गप आत गेलो.

आइंडहोवनला लेकीकडं गेलो तो डिसेंबर होता. संध्याकाळी साडेचारला अंधार, सहाला जेवण. कोल्हापुरात सहाला फक्त कुठं जेवायचं याची चर्चा सुरू होते. दुपारी तर गार पाव, त्यावर चीज आणि सोबत पेलाभर दूध. चांगली सहा फुटी बाप्ये माणसं ऑफिसात दूध पितात! हे मात्र मला पटलं. गंगावेशीत उभ्यानं धारोष्ण दूध पिणाऱ्यानं दुधाला नावं ठेवू नयेत. पावाचं बोलत नाही.

शेजारच्या आजींनी पहिल्याच दिवशी स्वागताला एक काळी गोळी दिली होती. तिला म्हणे 'ड्रॉप' म्हणतात. ज्येष्ठमधाची आहे असं कळल्यावर विश्वासानं तोंडात टाकली. आधी गोड लागली, मग खारट, आणि मग नाकात असं काही चढलं की मी थेट लहानपणी आमच्या दारात जाऊन बसलो. कल्हईवाला भाता मारतोय, पातेलं तापलंय, त्यानं चिमूटभर पूड टाकली आणि भस्सकन पांढरा धूर. नवसागर! लेकीनं मोबाइलवर बघून खात्री केली. या खारट गोळीत खरंच नवसागर घालतात. इकडं माझ्या जिभेला कल्हई चाललेली आणि आजी कौतुकानं विचारतायत, "लेकर?" लेकर म्हणजे चवदार. मी लेकरागत मान डोलावली. त्यांनी आणखी दोन दिल्या.

तर हॉटेल. सोबत जावयांचा एक डच मित्र होता. खास इथलं म्हणून 'स्टाम्पपॉट' मागवला. उकडलेला बटाटा आणि केल नावाचा पाला एकत्र ठेचायचा, शेजारी धुरावलेलं सॉसेज ठेवायचं, झालं जेवण. मिरचीचा पत्ता नाही. मसाला म्हणाल तर जायफळ, तेही बासुंदीत घालावं एवढंच. याच जायफळापायी या लोकांनी तिकडं पूर्वेला रन नावाचं टीचभर बेट धरून ठेवलं आणि 1667 च्या तहात न्यूयॉर्क इंग्रजांना सोडलं! बरं, 1637 पासून वेंगुर्ल्यात यांची वखार होती. आंबोलीचा घाट चढून चार मुक्काम वर आले असते तर पुढच्या पिढ्यांच्या जिभेचं कल्याण झालं असतं. पण व्यापारी माणूस, समुद्र सोडून कशाला येतोय.

एवढ्यात ताट आलं आणि मी जावयांच्या मांडीवर थाप मारली. बटाट्याच्या गोळ्यात मधोमध खळगा, आणि त्यात तपकिरी रस्सा. "जावईबापू, आळं केलंय की हो!" भाताला आळं करून आमटी ओतून घेण्यात आमची हयात गेली. फरक एवढाच की आमचं आळं फुटतं, ओहोळ ताटाच्या काठापर्यंत जातो, मग भाताचे बांध घालावे लागतात. यांचं आळं चमचाभर. तीन घासात कोरडं.

मी मागायचं ते मागितलंच. वाढप्यानं इवलीशी वाटी आणली. "अडीच युरो," लेक पुटपुटली. शिवाय इथं ज्याचं त्यानं द्यायचं. टीटीएमएम हा पुण्याचा शोध अशी माझी इतके दिवस समजूत होती. आमच्याकडं बिलावरनं गल्ल्यापाशी झोंबाझोंबी होते; दोन पैलवान एकमेकांचे हात धरून ठेवतात आणि पैसे तिसराच देतो.

अडीच युरोच्या रश्शाला न्याय द्यायचा म्हणून मी पुडी सोडली. मित्रानं कुतूहलानं बोट बुडवून चाखलं, मग चमचा घातला. आधी त्याचे कान लाल झाले, मग नाक वाहायला लागलं, मग डोळे. लेकीनं कपाळाला हात लावला.

"लेकर?" मी विचारलं.

त्यानं डोळे पुसत मान डोलावली आणि वाढप्याला बोलावून आणखी एक वाटी रस्सा सांगितला. स्वतःच्या हिशोबात.