हॅलो देअर, तुमची नोकरी गेली

फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं, की आपण समुद्रातल्या जळत्या तेलफलाटावर उभे आहोत. निदान चुकीचं नव्हतं. पण दुकान मालानं भरलेलं असताना मालकानंच ‘माल टाकाऊ’ अशी दवंडी पिटायची नसते, एवढं कोपऱ्यावरच्या वाण्यालाही कळतं. लगेच त्यांनी घरची सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन प्रणाली जवळ केली. तिचे फोन यायला नोव्हेंबर उजाडला. तोवर विकायचं काय, तर तेच, टाकाऊ! घोषणेच्या दिवशी फिनलंडमधल्या टांपेरेतले नोकियाचे शेकडो कर्मचारी फ्लेक्सीटाइम घेऊन घरी निघून गेले. (संताप कसा, हजेरीपटाला धक्का न लावणारा.)

जुलै 2014. नोकियाचा फोनधंदा एव्हाना मायक्रोसॉफ्टच्या पदरात, एलॉपही तिकडेच. साहेबांचं नवं पत्र आलं, ‘हॅलो देअर’ अशा लाडिक सुरुवातीचं. मग परिच्छेदामागून परिच्छेद नुसती रणनीती. बरंच खाली गेल्यावर, बोलता बोलता आठवल्यासारखं, साडेबारा हजार नोकऱ्या जाणार असल्याचं वाक्य. ‘मी आहे की गेलो’ एवढंच बघायला ज्यानं पत्र उघडलं, त्याची खाली सरकवता सरकवता बोटं दुखली असतील.

पुढल्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं या खरेदीपोटी 760 कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. एलॉप यांचा नोकियातला निरोपाचा हिशेब मात्र चोख झाला होता: दोन कोटी चाळीस लाख युरोंहून जास्त. त्यातला मोठा वाटाही मायक्रोसॉफ्टनंच उचलला.