शंभर टक्के नर

क्रॉफर्ड मार्केटात शोभेच्या माशांच्या दुकानांपुढे रविवारी सकाळी एक गृहस्थ हमखास दिसतात. हात पाठीमागे, चष्मा कपाळावर, नाक काचेपासून दोन बोटांवर. ते गिऱ्हाईक नव्हेत, कारण काही विकत घेत नाहीत. दुकानदारही नव्हेत, कारण गल्ल्याकडे फिरकत नाहीत. आपण एखाद्या माशाकडे बोट दाखवून "याची मादी मिळेल का हो?" असं दुकानदाराला विचारायचा अवकाश, मागून उत्तर येतं, "अहो, हीच मादी. नर तो तिकडे कोपऱ्यातला." दुकानदार त्यांना पगार देत नाही, पण हाकलतही नाही. सुट्या दोन माशांपेक्षा ‘पेअर’ महाग जाते, आणि पेअर आहे असं छातीठोकपणे सांगायला कुणीतरी पिकल्या केसांचं माणूस लागतंच.

असे काका ठाण्यात आहेत, डोंबिवलीत आहेत, पुण्यात तर पेठेगणिक आहेत. आमच्या सोसायटीतले काका बँकेतून निवृत्त झाले. सगळी नोकरी चेकवरच्या सह्या ताडून बघण्यात गेली. त्यामुळे नुसत्या नजरेनं खरंखोटं कळतं, हा आत्मविश्वास त्यांना पेन्शनबरोबरच मिळाला. त्यांचं नाव झालं ते गप्पी माशांवर. गप्पीचा नर रंगीत, झुपकेदार शेपटीचा. मादी फिकी नि पोटाळ. हे बालवाडीतलं पोरही सांगेल. पण काकांनी तेवढ्या भांडवलावर थेट सिक्लिडमध्ये उडी घेतली.

सिक्लिड हे माशांचं अवाढव्य घराणं. दीड हजारांहून जास्त जाती, बहुतेक आफ्रिकेतल्या नि अमेरिकेतल्या. आपल्याकडच्या हौशी टाक्यांतले एंजल, डिस्कस, ऑस्कर हे सगळे त्यातलेच. नर-मादी ओळखण्यात भल्याभल्यांनी हात टेकावेत असं हे खानदान. काकांनी त्याच्यासाठी चार नियम केलेत. मोठा तो नर. रंगीत तो नर. भांडतो तो नर. आणि कपाळ पुढे आलेलं असेल तर शंभर टक्के नर. काकूंनी एकदा चहा ठेवता ठेवता विचारलं, "मग या हिशेबानं तुम्ही कुठे बसता हो?" काकांनी उत्तर दिलं नाही. टाकीचं झाकण उघडून खाणं मात्र दोनदा टाकलं.

माशांना हे नियम कुणी वाचून दाखवलेले नाहीत. कॉनव्हिक्ट नावाचा मध्य अमेरिकेतला काळ्या पट्ट्यांचा मासा घ्या. त्यात नर मोठा असतो खरा, पण पोटावर नारिंगी रंग चढतो तो मादीच्या. म्हणजे पहिला नियम एकीकडे ओढतो नि दुसरा दुसरीकडे. तिसऱ्याचा तर निकालच लागतो, कारण पिल्लं झाली की मादीसुद्धा टाकीतल्या कुणाला जवळ फिरकू देत नाही. मलावी सरोवरातला केन्यी आणखी पुढचा. पिल्लं सगळी निळी, माद्या जन्मभर निळ्या, आणि नर वयात आला की पिवळा होतो. काकांनी एका नवपरिणीत जोडप्याला ‘निळा नवरा, पिवळी बायको’ अशी पेअर निवडून दिली होती. महिन्याभरात ‘नवऱ्या’चे गाल फुगले.

गाल फुगले म्हणून काकांना बोलावणं गेलं. काकांनी टॉर्च मारून ‘घशाला सूज’ असं निदान केलं आणि मेथिलीन ब्लू सांगितलं. सोबत आलेल्या काकूंनी काचेला डोळा लावला. मासा खाण्याकडे बघत नव्हता. दगडाआड एकटा उभा होता, नि थोड्या थोड्या वेळानं जबडा असा हलवत होता, की तोंडात काहीतरी जपून फिरवत असावा. काकू म्हणाल्या, "अहो, औषध कसलं देताय? दिवस राहिलेत तिला." मलावीकडच्या या माद्या अंडी तोंडात धरतात, पिल्लं पोहती होईपर्यंत साधारण तीन आठवडे तोंड मिटून राहतात, नि तेवढ्या काळात जवळजवळ उपाशीच असतात. काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. बाळंतीण तेवढी ओळखता येत होती.

काकांच्या कारकिर्दीचं शिखर म्हणजे घाटकोपरच्या हार्डवेअरवाल्या शेठचा फ्लॉवरहॉर्न. हा मासा कुठल्याच नदीत सापडत नाही. 1990च्या दशकात मलेशियात अमेरिकी सिक्लिडांचे संकर करून तो तयार केला. डोक्यावर हे एवढं टेंगूळ. टेंगूळ जितकं मोठं तितकी बरकत अशी समजूत, म्हणून आपल्याकडे तो वास्तुशास्त्राच्या वाटेनं दुकानांच्या गल्ल्याशेजारी येऊन बसला. टेंगूळ नरांचं मोठं असतं हे बरोबर. पण चांगल्या पैदाशीतल्या माद्यांनाही ते येतं. काकांनी चौथा नियम लावला नि प्रमाणपत्र दिलं, शंभर टक्के नर. शेठनी नाव ठेवलं ‘राजा’. पुढे एका सकाळी राजानं टाकीच्या तळाशी अंड्यांचा गालिचाच अंथरला.

शेठचा फोन आला. काका गेले. फ्लॉवरहॉर्नची मादी नर नसतानाही अंडी घालते. ती फळत नाहीत, इतकंच. काकांनी दहा मिनिटं निरीक्षण केलं आणि म्हणाले, "अंडी आहेत म्हणजे मादी इथंच कुठेतरी असणार. शोधा." टाकीत मासा एकच होता. तरी शेठनी फिल्टरच्या मागे वाकून बघितलं!

एंजलच्या बाबतीत तर काकांचे चारही नियम निकामी ठरतात. नर-मादी दिसायला सारखीच. अंडी घालायच्या सुमारास पोटाखाली एक बारीकशी नळी बाहेर येते, ती टोकदार असली तर नर, जाड नि बोथट असली तर मादी. एरवी माशालाच विचारावं लागतं. बरं, नर मिळाला नाही तर दोन माद्याच जोडी जमवतात, पान घासूनपुसून साफ करतात, आळीपाळीनं अंडी घालतात, राखण करतात. दोन दिवसांत अंडी पांढरी पडतात. काकांनी जमवलेल्या अशा एका जोडीची अंडी तिसऱ्यांदा पांढरी पडली, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं, "तुमच्याकडे बोअरचं पाणी येतं ना, त्याचा परिणाम."

पाण्याचा परिणाम हे काकांचं हुकमाचं पान. गंमत म्हणजे ते एका ठिकाणी चक्क खरं निघालं. पश्चिम आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिसमध्ये लहानपणी पाणी आम्लधर्मी असेल तर नर जास्त निपजतात. ही माहिती सोसायटीतल्या बीएस्सीवाल्या मुलानं काकांना दिली, आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. तेव्हापासून काकांचं कुठलंच निदान चुकत नाही. मासा मी बघितला तेव्हा नरच होता, तुमच्या पाण्यानं बिघडला! पूर्ण वाढलेल्या माशाचं असं होत नाही, हे मुलगा सांगू लागला की काका घड्याळ बघतात.

तो मुलगा स्वतः काय करतो, तर एंजलची सहा पिल्लं एकदम आणतो नि वाढू देतो. आठ-दहा महिन्यांत दोघं आपणहून एक कोपरा धरतात, बाकीच्यांना हुसकावतात, आणि बहुतेक वेळा जोडी खरीखुरी निघते. जगभरचे पैदासकार हेच करतात. काका याला ‘लव्ह मॅरेज’ म्हणतात नि नाक मुरडतात. त्यांचा खरा आक्षेप निराळा आहे. या पद्धतीत काकांना कुणी बोलावत नाही.

मोठ्या माशाचा निकाल लावायचा एक पक्का उपायही आहे. ओल्या हातात मासा उलटा धरायचा आणि पोटाखालची दोन छिद्रं बघायची. मागचं छिद्र पुढच्याएवढंच असेल तर नर, त्याहून ठळक मोठं असेल तर मादी. काकांनी हा प्रयोग आमच्या शेजाऱ्यांच्या ऑस्करवर केला. वीतभर लांबीचा मासा जाळीतून काढला, तळहातावर उताणा घेतला, आणि मग लक्षात आलं की वाचायचा चष्मा घरी राहिला. काकू चष्मा घेऊन येईपर्यंत ऑस्कर सोफ्याखाली पोहोचला होता. त्याला झाडूनं बाहेर काढून टाकीत सोडला. काका हात पुसत म्हणाले, "नर. मादी इतकी उसळत नाही."

खाण्याच्या माशातही एक सिक्लिड आहे, आपली चिलापी. आफ्रिकेतली ही मंडळी 1952 साली भारतात आली नि उजनीच्या जलाशयात ठाण मांडून बसली. चिलापी पाळणाऱ्यांना माद्या नको असतात. त्या पिल्लांच्या पायी खाणं सोडतात, कमी वाढतात, आणि तळं पिल्लांनी भरून टाकतात. म्हणून उबवणी केंद्रात अगदी इवल्या पिल्लांना सुरुवातीचे तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळलेलं खाद्य देतात, की जवळजवळ सगळे नरच तयार होतात. हे कळल्यापासून काका अशा एखाद्या तळ्यावर जायचं म्हणतायत. डोळे मिटून बोट ठेवावं नि ‘शंभर टक्के नर’ म्हणावं, अशी जागा त्यांना दुसरी कुठे मिळणार? जरूर जावं. फक्त त्या खाद्यातूनही शेकडा दोन-चार माद्या निसटतातच, आणि काकांचं बोट आम्हाला चांगलंच ठाऊक आहे.