भावी सरपंच

पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणातल्या बेला-जैनथकडच्या कोणत्याही मराठी गावात शिरा. गावाच्या नावाची पाटी असेल नसेल, फाट्यावर भावी सरपंचाचं फ्लेक्स असतंच. पांढराशुभ्र सदरा, जोडलेले हात आणि कानाला मोबाईल. दोन्ही हात जोडलेले असताना मोबाईल कोणी धरलाय, हे आदिलाबादच्या फ्लेक्सवाल्यालाच ठाऊक. मजकूर तेलुगूत. फ्लेक्सवरच्या पटेलांचं शिक्षण मराठी शाळेतलं, त्यामुळे आपल्याबद्दल काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही. पण चांगलंच असणार, कारण पैसे त्यांनीच दिलेत.

आमच्याकडे चार एकर कपाशी असलेल्या माणसाला लोक ‘पटेल’ म्हणतात. आठ एकर झाली की तो स्वतःला उमेदवार म्हणतो.

या भावी सरपंचांचा खरा बहराचा काळ म्हणजे फेब्रुवारी २०२४ ते डिसेंबर २०२५. जानेवारी २०१९ मध्ये निवडून आलेल्या सरपंचांची मुदत संपली, निवडणूक काही लागेना, आणि तेलंगणातल्या ग्रामपंचायती स्पेशल ऑफिसरांच्या हाती गेल्या. आजी सरपंच कोणीच नाही. माजी सरपंच केलेल्या कामांच्या थकलेल्या बिलांसाठी सरकारच्या मागे लागलेले. उरले ते भावी. ऑफिसर मंडलाच्या गावी, पटेल पारावर. नाली तुंबली, बोअरची मोटर जळली, की लोक पटेलांकडे. पटेल फोन कानाला लावून उभे राहायचे, अगदी फ्लेक्सवरच्यासारखे. नाली तुंबलेलीच राहायची, पण दोष सरकारचा. अधिकार नाही, निधी नाही, जबाबदारी नाही, आणि मान मात्र पूर्ण. इतकी सुखाची सरपंचकी कुणाच्या वाट्याला आली असेल?

मग सप्टेंबर २०२५ मध्ये बीसींना, म्हणजे मागासवर्गीयांना, ४२ टक्के आरक्षण देणारा जीओ, म्हणजे सरकारी आदेश निघाला, आणि त्यानंतरच्या आरक्षणाच्या यादीत पटेलांचं गाव महिलेला सुटलं. आठवड्याच्या आत फाट्यावरच्या फ्लेक्सवर पटेलांच्या जागी वहिनी आल्या, हात जोडून. वहिनींना विचारलं होतं का? “फोटो आधारकार्डाचा हाय, हात दुसरीचे हायेत,” त्या म्हणाल्या. ऑक्टोबरात हायकोर्टानं जीओला स्थगिती दिली, नोव्हेंबरात नवी यादी आली, गाव जनरल. वहिनींचं फ्लेक्स अंगणातल्या कापसावर अंथरलं गेलं. त्या निवडणुकीत प्रत्यक्ष कामाला आलेली प्रचारसामग्री तेवढीच.

डिपॉझिट दोन हजार. अर्ज भरल्यापासून माघारीच्या दिवसापर्यंत पटेलांचा थाट बघावा. एरवी बांधावरून भांडणारा चुलत भाऊ, “दादा, तुम्ही मोठे” म्हणत येतो. बिनविरोधची बोलणी होतात, चहावर चहा होतो. शेवटी समोरचे उपसरपंचपद देऊ म्हणाले. पटेल विरघळलेच होते. पण उपसरपंच निवडतात वॉर्ड मेंबरांतून, आणि पटेलांनी वॉर्डाचा अर्ज भरलाच नव्हता. कमीपणा वाटला म्हणून. मग तत्त्वासाठी लढायचं ठरलं.

सरपंचाच्या निवडणुकीत पक्षाची चिन्हं नसतात. उमेदवारांची नावं तेलुगू वर्णमालेनं लावतात आणि ठरलेल्या यादीतून चिन्हं वाटतात. अंगठी, कात्री पुढच्या अक्षरांना गेली. पटेलांना लेडीज पर्स.

मिशांना पीळ देणारा माणूस काखेत पर्स अडकवून दारोदार फिरतोय, हे दृश्य गावानं मनसोक्त पाहिलं. पर्स पोरीची, गुलाबी, चेन तुटलेली. चिन्ह लपवायची सोय नव्हती. मतपत्रिकेवर उमेदवाराचं नावच नसतं, आणि आमच्या म्हाताऱ्या ओळखणार ते चित्रच. एका आजीनं पर्स हातात घेतली, उघडली, आत डोकावली, उलटी करून झटकली. “रिकामीच हाय की रे बापा,” म्हणाली आणि परत दिली. प्रचारात याहून सविस्तर चर्चा कुठे झाल्याचं ऐकिवात नाही.

डिसेंबरात मतदान झालं. गावच्या शाळेत सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत मतं, दोनला तिथेच मोजणी. जेवायलाही धड वेळ मिळत नाही असा हा निकाल. गुलाबी मतपत्रिकांचे गठ्ठे लागले. अंगठीचा उंच, कात्रीचा त्याखालोखाल. पर्सचा गठ्ठा म्हणावा असा नव्हता, पत्त्यांच्या डावात हातात येतात तेवढे कागद. पटेलांच्या घरातच मतं सात. त्यांनी हिशोब करून वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “मले काय इचारता? मी तुमच्यापाशी अंगठीच मागून राहिली लगनापासून.”

संध्याकाळी गुलाल उधळत विजयी मिरवणूक पारावरून गेली. नव्या सरपंचाला वाटेतच कोणीतरी अडवून नालीचं विचारलं, आणि त्याचा चेहरा उतरलेला पटेलांनी नीट पाहून घेतला. मग चहा मागवला.

“सरपंचकी म्हणजे लहानच काम झालं,” ते म्हणाले. “मंडल परिषदेचं, एमपीटीसीचं अजून बाकी हाय ना? आरक्षण काय निघून राहिलं रे?”