अहो, ऐकलंत का? धाकट्याच्या जीपचा पुढचा ॲक्सल!

अहो, ऐकलंत का? बसला एकदाचा! धाकट्याच्या जीपला पुढचा ॲक्सल बसला! आपल्या भाऊंचा धाकटा हो, टॅप्समधून, म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्रातून, रिटायर झालेले भाऊ. रात्री साडेदहाला इंजिन धडधडलं, तेव्हा आमचे हे कूस बदलून म्हणाले, "चला, आता त्यांचं अंगण मोकळं होईल." कसलं मोकळं होतंय! पण ते मागाहून सांगते.

मोडला कसा, ते तुम्हाला ठाऊकच आहे. भर पावसात वाघोबा खिंडीकडे गेले होते ना सगळे. घरी काय सांगितलं, तर मनोरला मित्राकडे जातोय. धाकट्याच्या आईने, आपल्या वहिनींनी, मित्राच्या आईसाठी शेंगदाण्याची चटणीसुद्धा बांधून दिली. आणि हे पठ्ठे ओढ्यात! पुढचं चाक धोंड्यात अडकलं, धाकट्याने स्टिअरिंग पार शेवटपर्यंत वळवलेलं, त्यात दिली रेस. खाट्कन आवाज. चाक पूर्ण वळलेलं असताना आतला जॉइंट सगळ्यात नाजूक असतो म्हणे, आणि ह्याने तर मापापेक्षा मोठे टायर चढवलेले, म्हणजे ताण आणखी जास्त. बरं, नुसता जॉइंट गेला असता तर निभावलं असतं. पण चाकाजवळ ती इंग्रजी सी अक्षरासारखी जागा असते ना, जिला धरून चाक वळतं, ती ॲक्सलच्या नळीपासून चिरली आणि चाक आत कलंडलं. ट्रॅक्टरला बांधून आणली जीप. चटणीची पुडी पुढे काचेखाली तशीच! वहिनींनी जीपकडे बघितलंच नाही. पुडीकडे बघितलं. धाकट्याचा चेहरा... जाऊ दे, सांगत नाही.

तर काय सांगत होते... हां, दुसऱ्या दिवशी अंगणात सभा भरली. वाणगावचे मामा आले नवीन थार घेऊन. आले ते चावी बोटावर फिरवतच. म्हणे, "ही जुनाट जीप किती दिवस ओढणार? माझ्या थारचा पुढचा सेट मिळेल कुठे भंगारात, तो टाक." धाकटा खाली मान घालून म्हणाला, "मामा, तुमच्या थारला पुढे ॲक्सलची अख्खी दांडीच नाही. पुढची चाकं सुटी सुटी लटकतात. रस्त्यावर झकास, पण ते माझ्या चेसीला बसवायचं तर चेसीच नवीन करावी लागेल." मामा म्हणाले, "अख्खी दांडी म्हणजे आजोबांच्या काळातली गोष्ट." झालं! धाकट्याला तेवढंच हवं होतं. "२०२३ ला जिम्नी आली ना मामा, तिला पुढे अख्खीच दांडी आहे." आणि जिम्नी कोणाकडे आहे? मामांच्या व्याह्यांकडे! चावी फिरायची थांबली. मी तुळशीला पाणी घालत होते, त्यामुळे मला नीट दिसलं.

मग विरारचा आतेभाऊ. त्याचं म्हणणं, जिप्सीचा ॲक्सल घे, पाच बोल्टांचं चाक, तुझ्या जीपला जुळतं, मिळतोही कुठेही. आता जुळतं हे खरंच, बोल्टांचं माप दोघांचं एकच. पण जिप्सी मुळात हलकी गाडी, ९८५ किलो सगळी मिळून. आणि ह्याच्या जीपमध्ये ते प्यूजोचं डिझेल धूड बसवलेलं, बिडाचा नुसता ठोकळा. बोल्ट बसले म्हणून वजन पेलतंय असं थोडंच आहे? सोयरिकीत पत्रिका जुळते, पुढचं कोण बघतं, तसंच हे.

तिसऱ्याने जोंग्याचं काढलं. तो लष्करातला, जबलपूरचा. भक्कम, प्रश्नच नाही. पण इतका रुंद नि जड की चाकं मडगार्डच्या बाहेर येणार, आणि जीपला जेवढा जड ॲक्सल, तेवढा तो खड्ड्याखड्ड्याला स्प्रिंगच्या पाट्यांवर आपटणार. शिवाय मधला गोल गाळा, ज्यात दात्यांची चाकं असतात, तो ट्रान्स्फर केसमधून शाफ्ट ज्या बाजूला निघतो त्याच बाजूला हवा. नाहीतर शाफ्ट तिरका, आणि तिरका शाफ्ट म्हणजे... असो. मला हे सगळं वहिनींकडून कळलं. त्यांना धाकट्याकडून. आता त्या असं बोलतात की एमआयडीसीतले फोरमन गप्प बसतील.

शेवटी धाकट्याने ठरवलं काय, तर जीपला जीपचाच. महिंद्राने १९४७ पासून विलिजच्या जीप जोडायला घेतल्या, तेव्हापासूनचा वंश एकच, त्यामुळे जुना माल अजून मिळतो. आणि कायद्याचंही आहे हो. आपल्या एमएच ४८ च्या पाट्यांना काय कायदा लागू नाही? २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलंच, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाने फेरफार करायचे नाहीत. कलम ५२ की काय ते. आणि फेरफार सापडला तर दर फेरफाराला पाच हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत आत, नाहीतर दोन्ही. जीपच्या जागी जीपचा बसवला तर निदान तोंड वर करून बोलता येतं.

मस्तान नाक्याच्या बाजूने कुठल्याशा भंगारवाल्याकडून आणला. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "सेम टू सेम, साहेब." आणि इथे आपल्या वहिनी... अहो, मला त्यांचं कौतुकच वाटतं. धाकट्याने ॲक्सल दोन ठोकळ्यांवर ठेवला, शाफ्टच्या टोकाला खडूने रेघ मारली आणि म्हणाला, "आई, मी दोन्ही चाकं एकदम एक फेरा फिरवतो, तू रेघ मोज." वहिनी पाटावर बसून मोजतायत. एक, दोन, तीन, चार... पाचवा फेरा पुरा व्हायच्या जरा आधी रेघ थांबली. मग मागच्या ॲक्सलचं मोजलं, तर पाच आणि वर थोडं, अर्ध्याच्या आत. वहिनींनी पुन्हा मोजायला लावलं. तेच! म्हणजे आणलेला ४.८८ चा, आठ दात्यांवर एकोणचाळीस. मागचा ५.३८ चा, आठावर त्रेचाळीस. असा बसवून चारही चाकं जोडली असती, तर पुढची एक म्हणताहेत, मागची दुसरंच, आणि कोरड्या रस्त्यावर मध्ये गिअरबॉक्स पिळवटून निघाला असता. भंगारवाल्याकडे परत गेले, तर तो म्हणे, "अर्ध्या फेऱ्याने काय होतं?" वहिनी म्हणाल्या, "तुझ्या काट्यात अर्धा किलो इकडेतिकडे होतं तेव्हा तुला चालतं का?" त्याने मुकाट्याने दुसरा काढून दिला. गाळ्यातल्या दात्यांवर ८-४३ कोरलेला.

आणि आता खरी गंमत. भाऊ! जीप आल्यापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते, माहितेय ना? "त्याला सांग दूध उतू जातंय," असं चाललेलं. धाकटा एकटाच त्या ॲक्सलला मजबुतीसाठी वरून जाड पट्टीचा ट्रस जोडायला निघाला. मोबाइलमध्ये बघितलेला, नारिंगी रंगाचा. भाऊ व्हरांड्यात पेपर वाचतायत. म्हणजे धरलाय. अखेर राहवेना. नोकरीभर तारापूरला वेल्डिंग तपासण्यात गेलेला माणूस, १९६९ मध्ये सुरू झालेल्या प्लांटमध्ये. उठले, आत गेले, आणि कपाटातून तीन स्प्रेचे डबे घेऊन आले. न बोलता त्या सी-भोवतीचा भाग घासून लख्ख केला, लाल रंग फवारला, आणि थांबले. बरीच मिनिटं. मग फडक्याने सगळा लाल पुसला, वरून पांढरं फवारलं... आणि अहो, त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटायला लागली! आमच्या ह्यांनी कुंपणावरून बघितलं. नवीन आणलेल्या ॲक्सलला, आधीच, तडा! जो डोळ्याला दिसतच नव्हता. धाकटा नुसता बघत राहिला. भाऊ काय म्हणाले? "हात धू आधी. मग ग्राइंडर आण." थेट त्यालाच! वहिनी आत जाऊन डोळे पुसून आल्या, म्हणे कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता त्या दिवशी, मीच संध्याकाळी दोन दिले.

तर... तडा घासून काढला, भरला, दोन्ही बाजूंना त्रिकोणी पट्ट्या दिल्या. ट्रसही बसला, पण भाऊंच्या पद्धतीने. सलग ओढायचं नाही. इंचभर इथे, इंचभर तिकडे, हात लावण्याइतकं निवू द्यायचं. एकदम जोडत गेलं की नळी वाकते, आणि वाकलेल्या नळीत शाफ्ट घासतो, सील गळतं. मधला गाळा तर ओतीव, त्याला साधा रॉड चालत नाही, आधी तापवायचा आणि निकेलचा रॉड. धाकटा म्हणाला, "किती वेळ जातोय!" भाऊ म्हणाले, "तिकडे आम्ही एकेका जोडाला आठवडा घालायचो, आणि तुझ्यासारखे घाईवाले गेटबाहेर ठेवायचो."

लॉकरवरूनही वाजलं. दोन्ही चाकं एकदम जखडणारं ते. धाकट्याला पुढेही हवा होता. भाऊंनी विचारलं, "एक चाक हवेत आणि दुसरं अडकलेलं, मग सगळा जोर कोणावर?" एकाच जॉइंटवर. "मग काहीतरी मोडायचंच असेल तर काय मोडलेलं परवडेल?" धाकटा गप्प. जॉइंट खिंडीतसुद्धा बदलता येतो, नळी नाही. लॉकर मागच्यापुरताच राहिला.

आणि ते काट्याचं ऐकलंत का? चाक ज्या खुंट्यांवर वळतं, त्यांच्या बेअरिंगला पातळ चकत्या घालून ताण नेमका ठेवावा लागतो. सैल राहिलं की वेगात स्टिअरिंग थडथडतं, घट्ट झालं तर वळून परत येत नाही. तो ताण मोजायला हूकवाला स्प्रिंगकाटा हवा. कुठून आणायचा? सातपाटीची मासळीवाली दारात आली होती, तिचाच घेतला! सील काढून, टोकाला हूक अडकवून भाऊ ओढतायत, धाकटा आकडा वाचतोय, आणि ती पाटी डोक्यावरून उतरवून, कमरेवर हात ठेवून म्हणते, "पापलेट कितीचं झालं, भाऊ?" अख्खी गल्ली हसली. भाऊसुद्धा. पाट्यांखाली पाचर घालून ॲक्सल किंचित मागे कलवला, हवेची नळी वर बॉनेटपर्यंत नेली, म्हणजे ओढ्यात उतरलं की आत पाणी शिरून ऑइलचं ताक व्हायला नको.

आता अंगणाचं. मोकळं कशाला होतंय? काल चिंचणीहून एक मुलगा ॲक्सल घेऊन आला, परवा डहाणूहून दोघं. सगळ्यांना भाऊंचा तो लाल-पांढरा स्प्रे मारून हवाय. भाऊ पैसे घेत नाहीत, पण चहा वहिनींना करावा लागतो, आणि साखर... साखर आमच्याकडून जाते.

आणि एक सांगू? पण तुमच्यापाशीच ठेवा. काल रात्री नवाच्या सुमारास वाणगावचे मामा आले होते. दिवे बंद करून लावली थार गल्लीच्या तोंडाशी. वळताना पुढून टकटक येते म्हणे. भाऊ टॉर्च घेऊन खाली झोपले, बाहेर आले, म्हणाले, "जॉइंटवरचं रबर फाटलंय, आत वाळू गेलीये. समुद्रावर नेली होतीस?" मामांनी आधी इकडे बघितलं, मग तिकडे, आणि मग हळूच म्हणाले, "व्याह्यांना कळू देऊ नका." वहिनींनी मला बजावलंय, कोणाला सांगायचं नाही म्हणून. मी कशाला सांगतेय कोणाला? पण त्या जिम्नीवाल्या व्याह्यांची सून आणि तुमची भाची एकाच ऑफिसात ना?